धुक्याच्या वर

संपतने घोंगडी काढून खडकावर टाकली आणि पुन्हा लोणीच्या दिशेला डोळे लावले. धूर नव्हता. डोंगराखालची बिबवेवाडी धुक्यात बुडाली होती, पुणंही बुडालं होतं. पर्वतीचा कळस तेवढा वर राहिला होता.

पेंढारी भीमेकडून येतायत अशी आवई चार दिवसांपासून होती. पेठांतली बडी घराणी केव्हाच सिंहगडाच्या वाटेला लागली. बिबवेवाडीला सिंहगड कोण देतो? इथला बेत साधा होता. पेंढारी दिसले की लोणीचा पहारेकरी ओला कडबा पेटवणार, तो धूर पाहून गावचा जागल्या संपत शिंग फुंकणार, आणि गाव ओढ्यात जाऊन लपणार.

गेल्या पौषात अशाच एका पहाटे त्याने गुऱ्हाळाच्या धुराला भिऊन शिंग फुंकलं होतं. पेंढारी आलेच नाहीत. गाव दुपारपर्यंत ओढ्यात कुडकुडलं आणि मथुराबाईचा वीस दिवसांचा नातू गारठून दगावला. त्या दिवसापासून ती संपतशी बोलत नव्हती. आणि आता त्याच्या लेकीला, शालूला, बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते.

त्याने पायाखाली पाहिलं. गावातल्या चुलींचा धूर धुक्याच्या पाठीपर्यंत येऊन तिथेच आडवा होत होता, वर वीतभरही चढत नव्हता. मग लोणीचा तरी कसा चढेल? पेटलाही असेल. नसेलही. शिंग त्याने ओठांपर्यंत नेलं आणि खाली घेतलं. ओढ्यात नऊ दिवसांचं मूल! त्याला ते सोसवेना. धूर दिसायचा नाही हे गावाला सांगायला तो उतरू लागला.

धुक्यात शिरताच थंडीने त्याच्या पोटऱ्या धरल्या. सवयीने हात घोंगडीकडे गेला, ती तर वर राहिली होती. बारा हिवाळे तो पहाटे वर पोचला की घोंगडी काढायचा आणि खाली येताना पांघरायचा. त्याचं कधी नवल वाटलं नव्हतं. गाव खाली होतं, म्हणून गार. आणि ओढा तर गावाच्याही खाली. संपत पळत सुटला.

चावडीपुढे माणसं गाठोडी बांधून उभी होती. दत्तोबा पाटलांनी त्याला दुरूनच विचारलं,

"धूर दिसला?"

"न्हाई."

"मग खाली कशाला आलास? ओवाळून घ्यायला?"

"आज धूर दिसायचाच न्हाई, पाटील. झाकण घातल्यागत हवा बसलीया. निघायलाच हवं. पर ओढ्यात नगं, वर चला. पेंढाऱ्यांची घोडी बी खडकावर चढायची न्हाईत."

"बाळंतिणीला उघड्या डोंगरावर न्हेतोस? येडा हाईस का?"

"माझीच लेक हाय ती."

पाटलांनी गाठोडं उचललं. तेवढ्यात मथुराबाई पुढे आली. संपतकडे न बघता तिने शालूच्या हातातलं बाळ उचललं.

"चढताना तुझा तोल जाईल, पोरी. एक गेलंय माझं. ह्ये मी धरते."

अर्धी वाट सगळे धुक्यातूनच चढले. मग डोकी धुक्याबाहेर आली आणि एकेकाने पांघरुणं सैल केली. मथुराबाई खडकावर टेकली. दुपट्याची गाठ सोडून तिने बाळाचे तळवे चाचपले. सूर्य नुकता कुठे वर येत होता.

वर्षभरात पहिल्यांदा तिने संपतकडे पाहिलं.

"उन्हानं ऊब आली व्हय?"

हो म्हटलं असतं तर तो सुटला असता.

"न्हाई. थंडीच्या दिसांत हितं पहाटंपासनंच असती."

"गेल्या पौषात बी?"

"व्हय."

खाली धुकं विरू लागलं. लोणीच्या बाजूला काळा धूर हळूहळू उभा राहिला, आणि त्याच्या अलीकडे, हडपसरच्या माळावर, धूळ. "आले!" पाटील ओरडले. सगळे कड्याकडे धावले. कुणीतरी संपतच्या पाठीवर थाप मारली. ती त्याला नकोशी झाली.

मथुराबाई जागची हलली नाही. तिने बाळ शालूच्या ओटीत दिलं. मग शेजारी पडलेली संपतची घोंगडी ओढली, तिची तान्ह्याएवढी घडी केली, आणि ती छातीशी धरून बसून राहिली.