चिंधीने भरलेला खिसा

मित्रांनो, मी एक जुनी हत्यारांची पिशवी आहे, सायकलच्या सीटखाली लोंबणारी. अंगावर ग्रीसचे डाग, एका बाजूची शिवण उसवलेली. रस्त्यात पडले तर कोणी वाकून उचलणार नाही. पण माझा जन्म मायेच्या हातून झाला. आणि भीती म्हणजे काय, तेही मला त्याच घरात कळले.

मला शिवणारी बाई ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात कामाला जाते. उरलेल्या तुकड्यातून तिने मला घडवले. पोटात चार खिसे केले, प्रत्येक ज्या त्या हत्याराच्या मापाचा. "वस्तू घट्ट बसली की वाजत नाही, आणि नसली की लगेच कळते," ती म्हणायची. खरेच होते ते. एक खिसा रिकामा राहिला, तर मी ढिली पडायचे आणि शेजारचा पाना खडखड करायचा.

रोज सकाळी निघताना ती मला बाहेरूनच चाचपायची आणि गुणगुणायची,

"पहिल्या घरात पाना बाई, दुसऱ्यात पट्ट्या दोन,
तिसऱ्यात ठिगळ, चौथ्यात पंप, मग अडवील कोण?"

पाना नटबोल्टांसाठी, पट्ट्या टायर उचकटायला, ठिगळ ट्यूबच्या भोकाला आणि वीतभर पंप हवेला. वाटेत अडलेल्या कितीजणांची चाके माझ्या जिवावर घरी पोचली. पोस्टमन म्हणायचे, "ताई, तुमची पिशवी म्हणजे चालतंफिरतं दुकान!" मी आतल्या आत फुगायचे.

घरधन्यांना मात्र रविवारचा नाद. मित्रांबरोबर सायकलवरून टेकडी गाठायची. त्यांच्या सायकलला दुकानातली चकचकीत पिशवी होती. तिच्यात बिस्किटांशिवाय काही नसे. मग ते माझ्या पोटात हात घालायचे.

"अहो, तुमची ती हौस, माझी ही रोजची वाट," बाई चिडायची. "माझ्या पिशवीला हात लावायचा नाही."

"बरं सरकार," ते हसून म्हणायचे.

एका रविवारी पहाटे ते पावले न वाजवता आले. पट्ट्या काढल्या, ठिगळे काढली, पंपही काढला. मी ढिली पडले. पाना वाजू लागला. 'वाज रे,' मी त्याला म्हटले, 'जोरात वाज.' पण त्यांनी आपला जुना लाल सदरा फाडला, चिंध्यांच्या गच्च सुरळ्या केल्या आणि तिन्ही खिशांत कोंबल्या. पाना गप्प झाला. "आल्यावर ठेवतो सगळं जागेवर," ते स्वतःशीच पुटपुटले.

संध्याकाळी ते आले ते पायांत गोळे घेऊनच. आडवे झाले आणि झोपले. मी दाराकडे बघत राहिले. कोणी आले नाही.

सोमवारी बाईने लेकीला कॅरिअरवर बसवले. लेकीची शाळा आणि कारखाना, दोन्ही बोगद्यापलीकडे. गाणे सुरू झाले. तिची बोटे माझ्यावरून फिरली. पाना लागला. मग चिंधी लागली. बोटे थांबली नाहीत. सगळे गच्च होते ना! मला ओरडायचे होते, पण ताडपत्रीला कुठला गळा?

मित्रांनो, तो बोगदा लांब आहे, अरुंद आहे. पाण्याने भिंती ओल्या असतात. आत शिरताना मी प्रत्येक खड्ड्याला मनातल्या मनात हात जोडत होते. लेक मजेत होती. "ऊऽऽ!" ती ओरडायची, बोगदा उलटून ओरडायचा, ती खिदळायची.

मध्यावर आलो आणि माझ्या कानाशीच आवाज आला. फुस्स.

मागचे चाक बसले. बाईने सायकल भिंतीला टेकवली. "घाबरू नकोस. थोडी हवा मारू, बाहेर पडू, मग ठिगळ लावू." तिने मला उघडले. पंपाच्या खिशात बोटे घातली. लाल चिंधी बाहेर आली. दुसऱ्यातूनही चिंधी. तिसऱ्यातूनही.

"आई, हा बाबांचा सदरा आहे ना?"

बाईने मागे वळून पाहिले. मागून ट्रकचा घरघराट येत होता. तिने एक चिंधी ताणून कॅरिअरला बांधली, एक स्वतःच्या दंडाला बांधली. "तू पुढे चाल. भिंतीला हात लाव, सोडू नकोस."

"भिंत ओली आहे, आई."

"असू दे. सोडायची नाही."

दिवे जवळ आले. माझ्यावर उजेड पडला, चिंधी पेटल्यासारखी लाल दिसली. ब्रेक किंचाळले. ट्रक हातभर अंतरावरून गेला आणि त्याच्या वाऱ्याने माझे झाकण फडफडले. लेक आता ओरडत नव्हती. पुढे उजेडाचा ठिपका होता. तो मोठा व्हायला किती वेळ लावत होता!

बाहेर उन्हात पोचल्यावर बाई लेकीला उराशी धरून राहिली.

संध्याकाळी घरधनी मान खाली घालून म्हणाले, "मी ठेवणारच होतो गं परत."

"नेलंत त्याचं नाही हो एवढं," ती हळू म्हणाली. "खिसे रिकामे ठेवले असतेत, तर मला घरीच कळलं असतं. भरलेत, म्हणून मी लेकीला घेऊन आत गेले."

आता त्यांच्या पिशवीत त्यांची वेगळी हत्यारे आहेत.

माझे खिसे पुन्हा भरले आहेत. तरी बाई आता मला बाहेरून चाचपत नाही. झाकण उघडते, एकेक वस्तू बाहेर काढते. तिच्या बोटांचा माझ्यावरचा विश्वास गेला, आणि ते मला फार लागते. मित्रांनो, एवढे ऐका. एखाद्याची गरजेची वस्तू नेलीत, तर जागा रिकामी ठेवा. ती खडखडू द्या, तुम्हाला बोलणी बसू द्या. तिच्यात चिंधी कोंबू नका.

लेकीने गाण्याचा शेवट बदलला आहे. कॅरिअरवर बसून ती रोज विचारते,

"तिसऱ्यात ठिगळ, चौथ्यात पंप, डोळ्यांनी पाहिलं कोण?"

"मी," आई म्हणते.

तेवढ्याने लेकीचे भागत नाही. ती घराच्या दाराकडे बघत राहते. मग आतून बाबा ओला टॉवेल खांद्यावर टाकून येतात, माझ्यापाशी वाकतात, चारही खिसे बघतात आणि म्हणतात, "मीही पाहिलं."

तेव्हा कुठे ती आईच्या कमरेला मिठी घालते.