डाव्या हातची पिसं

मैंदर्गीच्या देवळातल्या रथाला वाळवी लागली, तेव्हा पंचांनी कल्लप्पा सुताराला बोलावून घेतलं. साल होतं चौऱ्याहत्तर. रथाच्या मागच्या अंगाची एक फळी पार पोखरली होती. तिच्यावर कोरलेला पोपट तेवढा शाबूत राहिला होता. तशीच नवी फळी कोरून बसवायची, एवढंच काम.

कल्लप्पा फळी घरी घेऊन आला आणि पोपटाची नक्कल करायला बसला. पिसं काही केल्या जमेनात. दोन दिवस त्याला वाटलं, पटाशी बोथट झाली असेल. तिसऱ्या दिवशी त्यानं फळी उन्हात आडवी धरली आणि बघतच राहिला. ठोकायची लाकडी मोगरी उजव्या हातात धरणाऱ्याचा काप एका अंगाला कलतो. इथं प्रत्येक काप दुसऱ्या अंगाला कलला होता.

तो तडक देवळात गेला. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं, शरणप्पानं, रथ घडताना डोळ्यांनी पाहिला होता.

"शरणप्पा, रथ कोरणारा डावखुरा होता काय हो?"

"हिंदुराव? छे! केमचा सुतार. वरीसभर धर्मशाळेत राहिला, लेकीला घेऊन. डावखुरा असता तर मला कळलं नसतं व्हय? आन् त्यो पोपट मान वळवून बघतोय की न्हाय, त्यो देवाकडं बघतोय. ध्यानात ठेव."

कल्लप्पानं मान डोलवली, पण त्याचं डोकं काही शांत होईना. कापच सांगत होते, हात डावा होता. मग हिंदुरावाच्या रथावर हा दुसरा हात कुणाचा? शेवटी त्यानं फळी पोत्यात गुंडाळली, एस.टी.नं सोलापूर गाठलं आणि पॅसेंजरनं कुर्डुवाडीवरून केमला उतरला. फळीच्या पायी एवढा प्रवास करणारा सुतार बायकोनं जन्मात पाहिला नव्हता, आणि तसं तिनं बोलूनही दाखवलं होतं.

स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं, "हिंदुराव जाऊन धा वर्सं झाली की. लेक हाय, फुलाबाई. गावातच दिलीया."

फुलाबाई अंगणात जळण फोडत होती. पंचावन्नच्या पुढची, उंच, काटक बाई. कुऱ्हाड डाव्या हातात. कल्लप्पा दारातच थबकला. जे विचारायला आला होता ते त्याला दिसलंच होतं.

"कोन पायजे?"

त्यानं पोतं सोडलं आणि फळी तिच्यासमोर धरली. तिनं कुऱ्हाड खाली टाकली, हात लुगड्याला पुसले आणि पोपटाच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"मैंदर्गीवरनं आलाय व्हय तुमी?"

"व्हय अक्का. ही पिसं तुमचीच न्हवं?"

ती खाली बसली. मग हळूहळू सांगू लागली. दुसऱ्याच महिन्यात बापाचं उजवं मनगट मोडलं आणि पुन्हा धड बसलंच नाही. काम सोडावं तर नाव जाणार. देवाच्या रथाला पोरीचा हात लागतोय म्हटलं तर पंच हाकलून देणार. मग बाप खडूनं आकार काढून द्यायचा आणि धर्मशाळेचं दार लावून ती कोरायची.

"बाहेर लोकास्नी वाटायचं, आबाच ठोकतोय. महिन्यातलं चार दिस मी पटाशीला शिवायची न्हाय. तेवढं दिस आबा म्हनायचा, अंग दुकतंय. म्हनून तर वरीस लागलं."

"आणि पुढं?"

"पुढं काय? लगीन झालं. एक पाळणा केला, एक पोळपाट. बाईला कोन काम देतंय?"

कल्लप्पाला पोपटाच्या मानेचं विचारल्याशिवाय राहवेना. "त्यो देवाकडं बघतोय म्हणतात."

फुलाबाई खळखळून हसली. "गाठ होती वो लाकडात! चोच गाठीवर आली असती तर उडाली असती. आबा म्हनला, मान फिरव. फिरवली."

"मग माझ्या पोपटाची मान कुठं ठेवू?"

"तुमचं लाकूड बघितल्याबिगर कसं सांगू?"

आठवड्यानं ती आपल्या मुलाला, गुंडा त्याचं नाव, बरोबर घेऊन मैंदर्गीला आली. देवळाच्या ओवरीत कल्लप्पानं सागाची नवी फळी मांडली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. कुठं गाठ नव्हती.

"लाकूड सरळ हाय. ह्याला समोर बघू द्या."

"असं कसं?" शरणप्पा उठून उभा राहिला. "जुन्यासारखाच पायजे. आन् ह्या बाईला काय विचारायचं त्यात?"

कल्लप्पानं पटाशी आणि मोगरी तिच्या पुढ्यात ठेवली. फुलाबाईनं आधी मुलाकडं पाहिलं, मग मोगरी डाव्या हातात घेतली. पहिला ठोका चुकला. दुसऱ्याला पटाशी घसरली. चौथ्या-पाचव्या ठोक्याला पातळ ढलपी सुटली आणि लाकडावर एक पीस उमटलं, अगदी जुन्या फळीवरच्यासारखं. शरणप्पा वाकून कधी जुन्या फळीकडं, कधी नव्या फळीकडं बघत राहिला. बऱ्याच वेळानं तो आत गेला आणि तांब्याभर पाणी आणून त्यानं तिच्याजवळ ठेवलं. नवा पोपट समोर बघणार हे तिथंच ठरलं.

ती आठ दिवस राहिली. कल्लप्पानं वेलबुट्टी कोरली, तिनं पोपट. दुपारी ती जेवायला गेली की तो गुपचूप मोगरी डाव्या हातात घेऊन बघायचा. दोनदा अंगठा सोलून निघाला, पण तसा काप काही साधला नाही.

फळी बसवली त्या दिवशी फुलाबाई रथाला एक फेरी घालून आली आणि चाकाशी थांबली. आसाच्या वरच्या जाड तुळईवर, कुणाच्या नजरेत न येणारी, झिजलेली कमळं होती.

"ही आमची न्हवत," ती म्हणाली. "तुळई ह्याच्या आदीच्या रथाची हाय. आबालाबी ठावं नव्हतं कुनी कोरली. मी तवा लई इचार केला."

"बघू," कल्लप्पा म्हणाला आणि गुडघ्यांवर बसून रथाखाली शिरला. त्याच्या मागोमाग, पदर खोचून, तीही.

"पाकळी मधनं बाहेर कापलीया का बाहेरनं मधी? त्यावरनं कोरनाऱ्याचा हात कळंल," आतून तिचा आवाज आला.

"थांबा अक्का, उजेड येऊ द्या," कल्लप्पा म्हणाला आणि उजेड अडवून उभ्या असलेल्या गुंडाला चाकापुढून बाजूला सरकायला सांगितलं.