शाफ्टवरची फळी

दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात जमनी मेली त्याला एक हंगाम उलटून गेला, तरी शाफ्टवरची फळी काही परत बसली नव्हती. आणि दिवाळीनंतर सुखीबाईची धाकटी सून मानी त्याच जागेवर कामाला लागणार होती.

जिनाच्या लांब पडवीत कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांची रांग होती. बाया समोर उभ्या राहून रेच्यात कापूस घालत आणि त्यांच्या पाठीमागे, हातभर खाली, सगळे रेचे फिरवणारा लोखंडी दांडा गरगरत असे. त्यालाच शाफ्ट म्हणत. पूर्वी त्यावर सागाच्या फळ्या झाकलेल्या असत. पण खाली सांडलेला कापूस काढायला फळी उचलावी लागे, काम खोळंबे, म्हणून मिस्त्रीनं त्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या. दुपारी तो त्यांच्याच सावलीला भाकर खाई.

थोरली सून जमनी सुखीबाईच्या शेजारच्याच रेच्यावर होती. तांड्यातल्या साऱ्याच बाया कामावर ओढणी कमरेला गुंडाळून मागं गाठ मारत. सासरा, म्हणजे सुखीबाईचा नवरा डोंगरसिंग, बाहेर अंगणात गाड्या रिकाम्या करी. आत पुरुषांचं कामच नव्हतं. त्या दिवशी टोपली वाहणाऱ्या दोघी आल्या नाहीत, म्हणून मिस्त्रीनं त्याला आत पाठवलं. डोक्यावर टोपली घेऊन तो समोर आला. सासरा दिसताच जमनीनं गाठ सोडली, ओढणी तोंडावर ओढली आणि वाट द्यायला एक पाऊल मागं सरली. ओढणीचं टोक खाली शाफ्टात गेलं. सुखीबाई ओरडली, पण इंजिन दुसऱ्या खोलीत होतं आणि तिथवर आवाज पोचायचा नव्हता.

जमनीचा नवरा भीमसिंग त्यानंतर वणीच्या कोळशाच्या खाणीवर निघून गेला. घरी तो येत नसे.

पावसाळा सरता सरता नागपूरहून सरकारचा एक साहेब आला. कारखान्यांत माणसं कशानं मरतात याचा तो शोध घेत होता, जिनं पालथी घालत हिंडत होता. तो म्हणे, मला कुणाला शिक्षा करायची नाही, कारण कळलं तर पुढचं मरण टळेल. सुखीबाईला हे पटलं. तिला दुसरं काही नकोच होतं. फळी बसली पाहिजे, एवढंच.

साहेबापुढं जायच्या आधी ती तांड्याच्या नायकाकडं, देवसिंगाकडं गेली. त्यानं रीत सांगितली. तांड्याच्या बैठकीत न्याय मागणारा आधी स्वतःच्या घरची चूक सांगतो, मग दुसऱ्याची. असं केलं की समोरच्याला तोंड उघडायला जागा राहत नाही. तीही याच रीतीत वाढलेली. तिनं मान हलवली.

जिनाच्या ओट्यावर साहेब खुर्चीत बसला. मिस्त्री बाजूला उभा होता. सुखीबाईनं आधी आपल्या घरचं सांगितलं. सासऱ्यानं आत यायचं नव्हतं, तो आला. सुनेनं गाठ सोडायची नव्हती, तिनं सोडली. काही राखून ठेवलं नाही. मग ती फळीवर आली.

"फळी असती तर ओढणी आत गेली असती का?" साहेबानं विचारलं.

"कशी जाईन साहेब? त्या काय, भितीले टेकवून हायेत. आजबी तिथंच हायेत."

साहेबानं उठून फळ्या पाहिल्या. तेही लिहून घेतलं. माणूस वाईट नव्हता. जाताना तिला त्यानं नमस्कार केला.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. दारावर नवी पाटी रंगवलेली होती. सुखीबाईनं मिस्त्रीला विचारलं, काय लिहिलंय. तो म्हणाला, बायांनी सैल कपडे घालून येऊ नये असं लिहिलंय.

"अन् फळी?"

"फळीचं काय? तूच त सांगतलं ना बाई, ओढणीनं झालं म्हून. तेच लिवून आलं वरतून."

आत फळ्या भिंतीला तशाच होत्या. आता त्यांच्यावर पोती वाळत घातली होती.

त्या रात्री डोंगरसिंगानं, जो सुनांशी कधी थेट बोलला नव्हता, दाराबाहेरून मानीला हाक मारली.

"मानी, आजपासून माह्यासमोर घुंगट घ्याचा नाई. तुले आन हाय."

त्याचा आवाज ऐकताच आत मानीनं ओढणी तोंडावर ओढली.

शेतात कापूस थोडकाच होता, ज्वारी बेताची होती; हंगामात घर जिनावरच चाले. सकाळी सुखीबाईनं मानीची ओढणी स्वतः कमरेला गुंडाळली आणि मागं दोन गाठी मारल्या, इतक्या घट्ट की पोर कळवळली. दोघी निघाल्या.

पुलापाशी डोंगरसिंग बसला होता. त्यांना पाहून तो उठला, रस्ता सोडून पळसाच्या झुडपाकडं तोंड करून पाठमोरा उभा राहिला, त्या निघून जाईतोवर.

मानी खाली मान घालून चालत होती. तिचा उजवा हात मात्र पाठीमागं गेला आणि गाठ चाचपू लागला. सुखीबाईनं तो हात धरून खाली ओढला. दहा पावलांवर तो पुन्हा मागं गेला.

जिनाचा भोंगा झाला. दोघींनी पाय उचलले.