खिंडीपुढचा चकवा

"गेली! नजर गेली!"

टेम्पोच्या खिडकीतून लाल झेंडा बाहेर आला आणि वळणावर जमलेल्या दीड-दोनशे माणसांनी एकदम श्वास रोखला. टेम्पो खिंडीतून बाहेर पडून बैलगाडीच्या चालीने वळण घेत होता. चालकाच्या शेजारी बसलेला महाराजांचा शिष्य झेंडा हलवून सगळ्या जगाला सांगत होता की, याची नजर रस्त्यावरून खाली ओढली गेली. चालक उतरला तो घाम पुसतच. "आईशप्पथ, समोरच बघायचं ठरवलं होतं. कसे डोळे खाली गेले, कळलंच नाही!"

"कळणार नाहीच!" चौथऱ्यावर उभे असलेले दृष्टीमहाराज ध्वनिक्षेपकात गरजले. "इथला रस्ता वाकडा नाही, इथली हवा वाकडी आहे! या कातळाच्या पोटात उणे ऊर्जा आहे. ती डोळ्यांच्या बाहुल्या खाली खेचते. तुम्ही अडाणी लोक त्याला चकवा म्हणता, शास्त्रज्ञ त्याला क्वांटम आकर्षण म्हणतात!"

गर्दीत उभ्या असलेल्या धाकटीने कपाळाला हात लावला. चार वर्षं पदार्थविज्ञान शिकून हे आकर्षण तिला एकाही पानावर भेटलं नव्हतं.

आता तोच टेम्पो, तोच चालक. फरक एवढाच की, आरशाला काळ्या काचेची एक चकती लटकली. हे 'नेत्रकवच'. शिवाय चालकाने अंगावरचं "सगळं धातूचं आणि सगळं बोलणारं" एका तांब्याच्या डब्यात काढून ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं आणि डबा शिष्याच्या मांडीवर. टेम्पो मागे खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी गेला आणि दहा मिनिटांनी परत आला. झेंडा हलला नाही. टाळ्या कडाडल्या.

"पाहिलंत?" धाकटीच्या शेजारी उभा असलेला कारखान्यातला फिटर म्हणाला. "सायंटिस्टबाई, आता बोला!"

कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या कामाला लागल्यापासून तिचं नाव हेच पडलं होतं. घरी ती धाकटी, कारखान्यात सायंटिस्टबाई, आणि दोन्हीकडे तिचं ऐकणारा माणूस एकही नाही.

तिने अप्पांकडे पाहिलं. ते हात जोडून उभे होते. कामगारांची बस सव्वीस वर्षं चालवणारे, एक ओरखडाही न काढणारे तिचे वडील. पहाटे रिकामी गाडी घेऊन खिंडीपलीकडे जायचे आणि आठपर्यंत चाळीस माणसं घेऊन परत यायचे. बरोबर बारा दिवसांपूर्वी याच वळणावर बस कठड्याला घासत गेली. पुढच्या बाकावर बसलेला, लेथवर काम करणारा टर्नर दारावर आपटला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. अप्पा तेव्हापासून एकच वाक्य बोलत होते : "मला चकवा लागला."

उद्या सोमवार. उद्यापासून अप्पा पुन्हा बस चालवणार होते, त्याच वळणावरून, तीच चाळीस माणसं घेऊन. कारखान्याच्या व्यवस्थापकसाहेबांनी अकराही गाड्यांना नेत्रकवच लावायचं ठरवलं होतं. चौकशी संपली होती. दोष कातळाचा निघाला होता.

धाकटीचा जीव तिथे अडकला होता. आरशाला काच टांगून अप्पा निर्धास्त होणार, आणि जे काही त्या दिवशी घडलं ते तसंच्या तसं पुन्हा घडणार.

"अप्पा, त्या दिवशी नेमकं काय झालं?" गेले बारा दिवस ती विचारत होती.

"सांगितलं ना पोरी, चकवा लागला."

"चकवा लागला म्हणजे डोळे कुठे गेले?"

"डोकं खाऊ नकोस माझं!"

अप्पा तिच्यावर कधी ओरडत नसत. या एका प्रश्नावर मात्र ओरडत. हे तिने वहीत लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मनात नोंदवलं होतं.

वहीत मात्र आज सकाळच्या दोन गोष्टी होत्या. पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात टर्नरला भेटून ती आणि अप्पा कारखान्याच्या गाडीने इकडे यायला निघाले होते. खिंडीच्या तोंडाशी महाराजांच्या माणसांनी वाहनं थांबवली होती. तिथे टेबल टाकून एक शिष्य प्रत्येक चालकाचं नाव आणि फोन नंबर लिहून घेत होता. पुढे गेलेला टेम्पो खिंडीत शिरला की हा शिष्य खाली मान घालून आपल्या फोनवर टकटक करत बसे. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट खिंड संपताना झाली. दोन्ही बाजूंना उंच कातळ, त्यामुळे खिंडीत फोनला रेंज नसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कातळ संपला, वळण आलं, समोरच्या टेकडीवरचा मोबाइलचा मनोरा दिसला आणि गाडीभर ट्रिंग, टुक, घुर्र सुरू झालं. पंचवीस माना एकदम खाली गेल्या. त्यात तिची स्वतःची मानसुद्धा होती.

आत्ता टाळ्या वाजत असताना तिने वहीत चार चौकोन आखले. कवच नाही, डबा नाही : झेंडा हलला. कवच आहे, डबा आहे : झेंडा हलला नाही. उरलेले दोन चौकोन रिकामे होते. इतक्या लोकांना ते रिकामे चौकोन दिसू नयेत याचाच तिला संताप आला. ती चौथऱ्यापाशी गेली.

"महाराज, दोन फेऱ्या राहिल्यात."

"कुठल्या, मुली?"

"नुसतं कवच लावून एक. डबा इथेच राहू द्या, मला तो आतून बघायचाय. आणि मग नुसता डबा नेऊन एक."

महाराजांचं हसू जरा सैल झालं. "कवच आणि डबा म्हणजे देह आणि प्राण. त्यांची ताटातूट होत नसते."

आणि मदतीला आले ते नेमके अप्पा. अगदी भाबडेपणाने त्यांनी विचारलं, "पण महाराज, शक्ती कवचात आहे असं तुम्हीच म्हणालात ना? मग डब्यावाचून चालायला हवं."

"हो, हो, चालायला हवं!" गर्दीतून आवाज आले. एवढ्या लोकांपुढे नाही म्हणणं महाराजांना जड गेलं.

"चालक माझ्या विश्वासातला नको," धाकटी म्हणाली. "माझ्यावर अजिबात विश्वास नसलेला माणूस पाहिजे."

"मग मीच की!" फिटरने छाती पुढे काढली. लोक हसले.

"आणि झेंडा अप्पांकडे द्या. वेग वीसच्या वर नको."

कारखान्याची जीप पुढे आली. आरशाला कवच लटकलं. खिंडीपलीकडे जाऊन टेबलवाल्या शिष्याकडे रीतसर नाव-नंबर नोंदवायला तिने फिटरला बजावून सांगितलं. आपल्याला कसला संशय आहे हे तिने फिटरलाही सांगितलं नाही आणि अप्पांनाही. सांगितलं असतं तर प्रयोग तिथेच संपला असता.

"डोळ्याचं पातं हलू देणार नाही!" म्हणत फिटर गेला.

दहा मिनिटं झाली. कातळाच्या सावलीतून जीप बाहेर आली. आरशाला कवच झुलत होतं. जीप वळणावर पोचली आणि झेंडा बाहेर आला. हलला मात्र नाही. अप्पा तो नुसता खिडकीबाहेर धरून फिटरकडे बघत बसले होते.

फिटर उतरला. "कवच निकामी आहे हे! मी समोरच बघत होतो, फक्त..."

"फक्त काय?"

"फोन वाजला म्हणून जरा..." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडलं.

"फोन द्या जरा." तिने पडदा सगळ्यांसमोर धरला आणि मोठ्याने वाचलं. "'नेत्रकवच नोंदणीबद्दल आभार.' पुन्हा तेच. पुन्हा तेच. चार निरोप, एकाच नंबरवरून! तुम्ही खिंडीत शिरल्यावर पाठवलेले. खिंडीत रेंज नाही म्हणून ते अडकून पडले आणि मनोरा दिसताच चारही एकदम आले. पलीकडचा तो टेबलवाला नंबर कशाला घेतो, कळलं?"

मग फिटर स्वतःहून म्हणाला, "थांबा. आता नुसता डबा घेऊन जातो." त्याने फोन डब्यात टाकला, कवच आरशावरून ओरबाडून महाराजांच्या हातात दिलं आणि पुन्हा फेरी मारली. या वेळी झेंडा बाहेर आलाच नाही. डब्यात लहरी शिरतात की नाही हा वेगळा प्रश्न होता. आवाज बाहेर येत नव्हता आणि पडदा दिसत नव्हता, एवढं पुरे होतं.

चारही चौकोन भरले.

"मुली, शंका हा मनाचा मोतीबिंदू आहे," महाराज म्हणाले. पण ध्वनिक्षेपक बंद होता, आणि त्यांचा चालक गाडी वळवून उभा होता. त्या गाडीच्या आरशाला मात्र नेत्रकवच नव्हतं. हे फिटरनेच ओरडून सांगितलं.

इथे लोक विचार करू लागतील असं धाकटीला वाटलं होतं. व्यवस्थापकसाहेब पुढे आले. "म्हणजे फोनमुळे होतं तर. पण काय गं, दोन सेकंद खाली बघितलं तर असं काय आभाळ कोसळतं?"

"आणि डबा चांगला आहे," मागून कोणीतरी म्हणालं. "डब्यात शक्ती असेल!"

"नाही हो, मी कानात यंत्र घालतो, हात मोकळे असतात," तिसरा.

दोन्ही बाजूंची वाहतूक अजून थांबवलेली होती. धाकटी रस्त्याच्या मधोमध गेली.

"हात मोकळे असले म्हणून डोकं मोकळं होत नाही, दादा. बोलणं रंगलं की डोळे उघडे असूनही समोरचं दिसत नाही. आणि साहेब, दोन सेकंद म्हणता ना? ताशी साठच्या वेगाने गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते. कातळ इथे संपतो, फोन इथे वाजतो. कठडा तिथे आहे, पस्तीस मीटरवर, मी अंतर मोजलंय. इथून तिथपर्यंत डोळे मिटून चालून दाखवा. पायी. सावकाश. रस्ता मोकळा आहे, कठड्याशी मी उभी राहते."

साहेबांनी डोळे मिटले. सहाव्या पावलाला हात पुढे आले. अकराव्याला थांबले आणि डोळे उघडले. कठडा अजून लांब होता.

"तुमच्या जागी बस असते," ती म्हणाली. "पाठीशी चाळीस माणसं असतात."

कोणी हसलं नाही. मग अप्पा पुढे झाले. झेंडा अजून त्यांच्या हातात होता.

"मी त्याचे डोळे पाहिले आत्ता," ते फिटरकडे बोट करून म्हणाले. "फोन वाजला आणि ते गेले. त्याला कळलंसुद्धा नाही. माझेही असेच गेले त्या दिवशी. मला चकवाबिकवा काही लागला नव्हता. मी फोन पाहिला. टर्नरचा खुबा माझ्यामुळे मोडला."

"कोणाचा निरोप होता, अप्पा?" साहेबांनी विचारलं.

"होता कोणाचा तरी," अप्पा म्हणाले. धाकटीकडे त्यांनी पाहिलं नाही.

पाहिलं नाही म्हणूनच तिला कळलं. रोज पावणेआठला ती एक निरोप पाठवायची. काळजी वाटायची म्हणून. तेवढेच दोन शब्द : 'पोचलात का?'

बारा दिवस तिचे वडील कातळाला, हवेला, भुताला दोष देत होते, आणि ती त्यांना अडाणी समजत होती.

सोमवारी सकाळी ती प्रयोगशाळेत होती. साहेबांनी अकरा गाड्यांत अकरा डबे ठेवले होते. प्रत्येक झाकणावर कवचाची चकतीही चिकटवली होती. "असू दे गं, बिघडतं काय?" असं साहेबांचं म्हणणं होतं.

पावणेआठ वाजले. समोरच्या कचेरीत साहेबांनी सवयीने फोन उचलला. ती धावतच गेली.

"कोणाला?"

"तुझ्या वडिलांना. गाडी कुठवर आली ते..."

"गाडी आत्ता खिंडीतून बाहेर पडत असेल साहेब. तुमचा फोन त्यांना वळणावर भेटेल."

"अगं, पण तो डब्यात आहे ना?"

"डबा आज आहे. उद्या झाकण उघडं राहील. तुम्ही फोन केलाच नाहीत तर डबा तरी कशाला लागेल?"

साहेबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कुरकुरत तो खाली ठेवला. आज ठेवला. उद्या पुन्हा सांगावं लागणार, हे तिला दिसत होतं. म्हणून तिने एक कागद त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला. त्यावर नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहितात तशा ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'चालकाने फोन हाती घेऊ नये. गाडी चालवत असलेल्या माणसाला कोणीही फोन करू नये, निरोप पाठवू नये. तो थांबेल, उतरेल, मग बोलेल. तोवर वाट पाहा. दुसरं कवच नाही.'

परत येऊन ती टेबलाशी बसली. अंगठा आपोआप फोनवर गेला होता. पडद्यावर 'पोच' एवढं उमटलंही होतं. तिने एकेक अक्षर पुसलं, फोन खणात टाकला आणि पाण्याची पहिली बाटली उचलली. आठ वाजून चार मिनिटं झाली. सहा. नऊ.

फाटकाशी बसचा भोंगा वाजला. अप्पा बस लावून खाली उतरले, मागून चाळीस माणसं उतरली. प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन त्यांनी गजांतून आत पाहिलं.

"पोचलो," अप्पा म्हणाले.