मुकी अक्षरं बोलायला लागली

टिल्लीच्या मराठी निबंधात चूक शोधायला बाईंना भिंग लागलं असतं. इंग्रजीत मात्र सगळा आनंदीआनंद. ‘नाइफ’ म्हटलं की ती लिहायची एन-आय-एफ, कोकराला ‘लॅम’ म्हटलं की एल-ए-एम.

“लक्षच नाही कार्टीचं!” शिलाई मशीनवरून आई ओरडायची. “दहादा गिरवून घेतलं तरी ये रे माझ्या मागल्या!”

टिल्लीची मावशी मुलांच्या मेंदूचा अभ्यास करायची. एक दिवस ती दोघींना आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. टिल्लीच्या डोक्यावर तारांची टोपी बसवली.

“शॉक बसेल?”

“छे गं, ही नुसती ऐकते. बोलत नाही.”

“मग आईपेक्षा बरी!”

पडद्यावर शब्द येऊ लागले, काही बरोबर, काही चुकीचे. चुकीचा मराठी शब्द दिसला की संगणकावरची तिच्या मेंदूची रेघ टुणकन उडायची. के नसलेला ‘नाइफ’ आला, तर रेघ ढिम्म.

मावशी म्हणाली, “ताई, एका पोरीवरून मी काही सिद्ध करत नाही. पण मला वाटतं, ही कानाने लिहिते. मराठीत कान बराचसा पुरतो. इंग्रजीतली मुकी अक्षरं कानाला कशी सापडणार? ती डोळ्यांत भरायला वेळ लागतो.”

“म्हणजे मी उगाच ओरडले?”

“अगदी उगाच.”

आईचा चेहरा पडला. तिने टोपीतून सुटलेली टिल्लीची बट कानामागे सारली. टिल्लीचं डोकं मात्र भलतीकडेच चालत होतं. “मावशी, मुक्यांना बोलतं केलं तर?”

त्या दिवसापासून घरात “क्नाइफ दे”, “कोण क्नॉक करतंय बघ” सुरू झालं. वीजतंत्री बाबांनाही ती लागण झाली.

“साहेब, वायरिंगला वेड-नेस-डेला येतो,” ते फोनवर म्हणाले.

“कधी?”

“वेड-नेस... अहो, बुधवारी!”

आई इतकी हसली की सुईतला दोरा निसटला.

पुढच्या स्पेलिंगच्या परीक्षेत टिल्लीची एकच चूक निघाली. बाई चकित झाल्या. “शिकवणी लावलीस की काय?”

“नाही बाई. आमच्या घरी हल्ली सगळे मुद्दाम चुकीचं बोलतात.”