वीतभर उंच

"वीतभर उचलायची," नवऱ्यानं पंजा ताणून मेकॅनिकला माप दाखवलं. "आणि टायर मोठे. रोज चालवतो मी ही, जरा रुबाब नको?"

मेकॅनिक आमच्या पिकअपखाली डोकावला. मी ठकीला खांद्यावर घेऊन गॅरेजच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. ठकी अगदी शांत होती. झुलवायची गरज मलाच होती.

आमची लॉन्ड्री आहे. वसतिगृहांतल्या, दवाखान्यांतल्या चादरी आणि टॉवेल आणायचे, धुवायचे, इस्त्री करून पोचवायचे. ठकी व्हायच्या आधी पिकअप मी चालवायचे आणि नवरा इस्त्रीच्या टेबलाशी वाफेत उभा असायचा. पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं तशी चावी त्याच्याकडे गेली, ती गेलीच. आता वाफेत मी, शेजारी पाळण्यात ठकी. मशीन थरथरायला लागलं की माझा पाय आपोआप क्लच शोधायचा. खिडकीतून गाडी निघताना दिसली की हातातली चादर तशीच राहायची.

ठकी आता बसायला लागली होती. गाडीतली तिची खुर्ची मागच्या अरुंद सीटवर मावत होती, पण तिथला पट्टा नुसता कमरेचा. खुर्ची त्यानं घट्ट बसेना. खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा बसवला की ती माझ्याबरोबर येऊ शकणार होती. पण आम्हाला दोन्ही कामांचा खर्च एकदम झेपणार नव्हता. एक तर उंची, नाहीतर पट्टा.

"खड्ड्यांत गाडी खाली घासते," नवरा म्हणाला.

"कुठल्या खड्ड्यांत?"

"आहे की तो दवाखान्यामागे."

"एका खड्ड्यासाठी? वळसा घाल ना."

पत्र्याच्या खुर्चीवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "शिडीही लावून घे बाबा. नाहीतर मला खाली उतरवायला बंब बोलवावा लागेल."

मेकॅनिक हसला. नवरा नाही.

"मागून तेवढी उचलून दाखवा तरी," मी मेकॅनिकला म्हणाले. त्यानं जॅक लावला, खाली भक्कम आधार दिले. हौद्यात सकाळी उचललेली ओल्या टॉवेलांची गाठोडी तशीच होती. ती मी नवऱ्याला आधी खाली घ्यायला लावली, मग म्हटलं, "आता भर."

पहिलं आत गेलं. "बघ!" दुसऱ्याला त्यानं गुडघ्याचा धक्का दिला. तिसरं कठड्यावर डुगडुगलं आणि सगळंच्या सगळं त्याच्या गळ्यात पडलं.

"होईल सवय," तो टॉवेलांआडून म्हणाला.

"तुला होईल. आईंना?"

घरी गाडी भरतात सासूबाई. हातगाडी हौद्याला भिडवायची, कमरेनं रेटा द्यायचा, गाठोडं सरकत आत. दोन्हींची उंची जुळते म्हणून त्यांना काही उचलावं लागत नाही. हे आम्हा तिघांच्याही अंगवळणी इतकं पडलेलं, की उंचीवरून आठवडाभर भांडताना ते एकालाही सुचलं नव्हतं.

सासूबाई उठल्या. "सरक, मी बघते." त्यांनी वाकून गाठोड्याला हात घातला.

"आई, ठेव ते! ठेव म्हणतो ना!"

त्यानं त्यांच्या हातून गाठोडं काढून घेतलं आणि ते पोटाशी धरून नुसता उभा राहिला. त्याच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं.

"एकदा पट्टा बसला की तू चावी मागणार," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मग मी परत त्या वाफेत. मला रस्त्यावर बरं वाटतं गं."

माझ्या येरझाऱ्या थांबल्या. "मग तसं म्हणायचं ना. रुबाब कशाला मध्ये आणलास?"

"कसं म्हणू? त्याच वाफेत तू उभी असतेस."

"वा!" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे दोघांनाही पळायचंय. वाफ सगळी म्हातारीला!"

"सकाळची फेरी माझी," मी म्हणाले.

"सकाळी रस्ते मोकळे असतात."

"म्हणूनच."

"एक दिवस तू, एक दिवस मी," तो म्हणाला. बराच वेळ घासाघीस झाली, पण शेवटी तेच ठरलं.

"म्हणजे पट्टा?" मेकॅनिकनं विचारलं.

"पट्टा," नवरा म्हणाला. "आणि तिचा पाय आता क्लचला पोचत नाही, ड्रायव्हरची सीट मागेच अडकलीय. तीही बघा."

हे त्याच्या लक्षात असेल, असं मला वाटलं नव्हतं.

माझ्या पहिल्या सकाळी त्यानं ठकीची खुर्ची इतकी हलवून बघितली की ठकीला हसू फुटलं. कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्या हसण्याचं रडं झालं. खुर्ची मागे तोंड करून, त्यामुळे आरशात नुसता टोपीचा गोंडा. मी गाडी बाजूला घेतली, हात मागे लांबवला. तिनं माझं बोट धरलं आणि तोंडात घातलं.

फोन वाजला. "पोचलीस?"

"कोपऱ्यावरच आहे."

"मग परत येतेस?" लबाडाच्या आवाजात केवढी आशा!

घर अजून दिसत होतं. बोटाला तिच्या हिरड्यांची ऊब लागत होती.

"नाही," म्हटलं, बोट सोडवलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली. तिनं भोकाड पसरलं. मी त्याहून मोठ्यानं गायला लागले, सुचेल ते, सुराबिराची पर्वा न करता. दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आम्हा दोघींचेही आवाज बसले होते. चौकीदारानं काच खाली करायला लावून आत पाहिलं आणि विचारलं, "नवीन हेल्पर?"