बिनकानाचे कप

बाबांनी चहा सोडला. पित्त होतं म्हणे. ज्या माणसाने उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात आणि चहाच्या जोरावर काढला, त्याला म्हातारपणी एकाएकी पित्त कुठून झालं, हा प्रश्न मुलाला पडला नाही. सासूबाईंनाही पडला नसावा, असं सुनेला वाटायचं. तिला मात्र तो छळत होता, कारण तिने एकदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं. बाबांच्या हातातला कप बशीवर नुसता खडखडत होता. तेव्हापासून चहाच्या वेळी ते गॅलरीत जाऊन उभे राहत आणि आत त्यांची खुर्ची रिकामी राही. सुनेचा भारी जीव होता त्यांच्यावर.

पण बोलायची सोय कुठे! मागे तिने झाकणाचा, नळीचा मग आणला होता. बाबांनी त्यात पेन्सिली ठेवल्या आणि बरेच दिवस 'हो-नाही'पलीकडे तिच्याशी बोलले नाहीत.

म्हणून या खेपेला तिने सरळ थाप मारली. भिंतीवरचं घड्याळ घ्यायचंय, तुमच्याशिवाय कोण पारखणार, असं म्हणून त्यांना बाजारातल्या नव्या जपानी धाटणीच्या दुकानात नेलं. घड्याळाचं नाव काढल्यावर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

दुकान मोठं गोड होतं. लाकडी फळ्यांवर पांढरे, राखाडी वाडगे, बांबूच्या पळ्या, घडी घातलेले जाडेभरडे टॉवेल. फूल नाही, सोनेरी कड नाही. झाडूसुद्धा असा देखणा की केर काढायला मन होऊ नये. बाबांनी एकेका वस्तूची हजेरी घेतली. हे वाडगे रंगवायचे राहिले वाटतं, म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाला आकडेच नव्हते, तेव्हा तर त्यांना स्फुरणच चढलं. पण एका लाकडी डब्याचं झाकण त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. ते चूपचाप बसत होतं. काम चोख आहे, अशी कबुली त्यांनी नाइलाजाने दिली.

आता सुनेने त्यांना हळूच कपांपाशी वळवलं. तिने आधीच येऊन एक हेरून ठेवला होता. बुटका, जाडसर, निळसर. कसा आहे, तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. बाबांनी तो एका हाताने उचलला आणि फळीवर टकटक झाली. त्यांनी तो लगेच खाली ठेवला. याला कान नाही, एवढंच तुटकपणे म्हणाले.

दुकानातली मुलगी पुढे आली. हा कानाने धरायचाच नसतो आजोबा, म्हणाली, आणि तिने ओंजळीत धरून दाखवला. बाबांनी तसा धरला. कप गप्प राहिला. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती नेमकी तेव्हाच टॉवेलांच्या घड्या मोजण्यात गुंतली होती. चोरी पकडली गेली.

"घड्याळ घ्यायचंच नव्हतं तर," बाबा म्हणाले.

"हा एक घेऊ का, बाबा?"

"नको."

सुनेचं अवसानच गळालं. आता पुन्हा पेन्सिली, आपल्याला शहाणपणा सांगितला होता कोणी, असं स्वतःवर चरफडत ती रिकाम्या हाताने गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली. पाठोपाठ बाबा आले. दोन्ही हातांनी एक टोपली पोटाशी धरलेली, आणि तिच्यात चार कप.

"एकच घेतला तर तो आजाऱ्याचा कप होतो गं," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळ्यांना घेऊ."

सून पर्समध्ये पाकीट शोधत राहिली, आणि पाकीट तर तिच्या हातातच होतं.

संध्याकाळी बाबा गॅलरीत गेले नाहीत. आपल्या खुर्चीत येऊन बसले. पित्ताचं कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी चहा ओतायला घेतला, बाबांचा कप अर्धाच भरला, आणि कोणाकडेही न बघता बाकीचे तिन्ही अर्धेच भरले. सून त्यांच्याकडे बघतच राहिली.

मुलगा कुरकुरला. अर्धाच काय, आणि या कपाला धरायचं तरी कुठे, बोटं भाजतात.

"दोन्ही हातांनी धर रे," बाबा म्हणाले. "एवढा घोडा झालास, आता चहा प्यायलाही शिकवू?"

मग त्यांनी मोठा भुरका मारून कप संपवला आणि सासूबाईंपुढे धरला, पुन्हा भरायला.